विळ्यासारख्या पेशी आणि मलेरियाचा डास

आज एका कोड्यापासून सुरुवात करतो.

सिकलसेल हा शब्द विदर्भात किंवा नंदुरबारकडे राहणाऱ्यांना नवीन नाही. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या गोल, लवचिक तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. मग अंगात असह्य कळा आणि कायमचा अ‍ॅनिमिया. आई आणि बाबा दोघांकडून सदोष जनुक आलं तर मूल आजारी. एकाकडूनच आलं तर ते नुसतं ‘वाहक’, आणि वाहक सहसा ठणठणीत असतो.

आता कोडं. ७०-७५ वर्षांपूर्वी आफ्रिकेत ही आजारी मुलं बहुतेक लहानपणीच दगावायची. म्हणजे त्यांच्याबरोबर ते जनुकही जायला हवं, पिढीगणिक कमी व्हायला हवं. पण काही जमातींत तर शंभरातले चाळीस जण वाहक! कसं काय?

उत्तर शोधलं अँथनी अ‍ॅलिसन यांनी. जन्म १९२५, दक्षिण आफ्रिकेतला, पण वाढले केनियात. १९४९ साली ऑक्सफर्डची एक मोहीम माउंट केनियाला गेली. बाकीचे झाडंझुडपं, किडे गोळा करत होते आणि हा पठ्ठ्या लोकांचं रक्त! मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी शंभरात वीसहून जास्त वाहक निघाले. थंड डोंगराळ भागात मात्र शंभरात एकही मुश्किलीने. जमात कुठली, भाषा कुठली, याने हा फरक समजत नव्हता. किनाऱ्यावर आणि सरोवराकाठी असं काय होतं जे डोंगरावर नव्हतं? डास. म्हणजेच मलेरिया.

मला इथे त्यांचा धीर आवडतो. अंदाज डोक्यात आला तरी आधी त्यांनी डॉक्टरकीचं शिक्षण पूर्ण केलं आणि १९५३ मध्ये परत आफ्रिका गाठली. कंपालाजवळच्या २९० मुलांचं रक्त तपासलं. वाहक ४३, त्यातल्या १२ जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी. उरलेल्या २४७ पैकी ११३ जणांच्या. म्हणजे शंभरात २८ विरुद्ध ४६.

पुढचा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. लुओ जमातीच्या ३० प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम मलेरियाची लागण करून पाहिली. वाहक नसलेल्या १५ पैकी १४ जणांना लागण झाली, वाहक असलेल्या १५ पैकी फक्त २ जणांना. १९५४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

लगेच सगळ्यांना पटलं असं नाही हं. दुसऱ्या संशोधकांनी प्रौढांवर असाच प्रयोग केला, तर त्यांना फरकच दिसला नाही. पुढे हळूहळू कळलं की हे संरक्षण मुख्यतः लहान मुलांना, जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून मिळतं. तर कोड्याचं उत्तर असं: दोन सदोष जनुकं असलेलं मूल सिकलसेलने जायचं, एकही नसलेलं मलेरियाने जाण्याची भीती जास्त, आणि एकच असलेलं तगायचं. तगलं की पुढे त्याला मुलं व्हायची, आणि जनुक टिकायचं.

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार हे पट्टे बघा. जंगल, पाऊस, डास, आणि तिथेच सिकलसेल. मात्र तो फक्त आदिवासींचा आजार नाही, विदर्भात इतर समाजांतही आहे.

हे सांगायचं कारण लग्न. रिपोर्टवर ‘वाहक’ लिहिलेलं दिसलं की स्थळ मोडतं, आणि बहुतेक वेळा बोल मुलीलाच लागतो. वाहक असणं म्हणजे ‘रक्त खराब’ असणं नव्हे. त्याच जनुकाने कित्येक पिढ्यांची लेकरं वाचवलीत. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक नसण्याची शक्यताही तेवढीच. म्हणून तपासणी दोघांनी करायची, लग्नाआधी. रक्ताची साधी चाचणी असते, सरकारी दवाखान्यात विचारा. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे.

आणि हो, तुम्ही वाहक असाल तरी मलेरिया होतोच. मच्छरदाणी लावूनच झोपा.