प्रसूतिकालीन व नवजात संक्रामण : इतिहास

गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी अथवा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत मातेस किंवा अर्भकास होणाऱ्या रोगजंतूंच्या संसर्गाचा येथे विचार केला आहे. सूतिका ज्वर, नवजात अर्भकाचा धनुर्वात, जंतुदोष व फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) हे त्याचे प्रमुख प्रकार होत. या रोगांची कारणे कळणे आणि ते ज्ञान प्रसूती करणाऱ्या प्रत्यक्ष हातांपर्यंत पोहोचणे, या दोहोंत मोठा काळ लोटला.

व्हिएन्ना येथील रुग्णालयात इग्नाट्स झेमेलव्हाइस (१८१८–६५) यांनी १८४७ मध्ये एक विसंगती हेरली. वैद्यकीय विद्यार्थी काम करीत त्या प्रसूतिकक्षातील मृत्यू सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक होते. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीस येत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केल्यावर १८४६ मध्ये सु. ११ टक्के असलेले मृत्युमान १८४८ मध्ये सु. १·३ टक्क्यांवर आले. तथापि दोष वैद्याच्याच हाताकडे येत असल्याने समकालीनांपैकी अनेकांनी हे मत नाकारले. जंतूंचे प्रत्यक्ष प्रमाण लूई पाश्चर यांनी १८७९ मध्ये दिले. गर्भावस्थेतील संसर्ग अर्भकास जन्मजात व्यंग आणू शकतो, हे नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात वारफोड्यांच्या (रुबेला) साथीनंतर जन्मलेल्या बालकांतील मोतीबिंदूवरून दाखविले.

भारतात बहुसंख्य प्रसूती घरीच, दाईच्या हातून होत. दाईंच्या प्रशिक्षणासाठी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक निधी उभारण्यात आला. पण खेड्यांपर्यंत त्याचा लाभ अल्पच गेला. विळ्याने किंवा गंजलेल्या पात्याने नाळ कापणे व जखमेवर राख वा शेण लावणे यांमुळे धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरत. हा रोग बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रकट होतो. महाराष्ट्रात पाचवी व सटवीचे पूजन ज्या दिवसांत होते, तेच हे दिवस असावेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. गर्भवतीस धनुर्वाताची लस, स्वच्छ पाते व निर्जंतुक दोरा या साध्या साधनांनी हा रोग हटला. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले.

जंतुदोष व फुप्फुसशोथ यांचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण त्यांवर लस पुरेशी नव्हती व उपचार रुग्णालयातच होत. विदर्भाच्या वनप्रदेशात रुग्णालय दूर असते. यवतमाळ जिल्ह्यातील कोलामांचे पोड असो वा गडचिरोलीतील गोंडांचे गाव, पावसाळ्यात आजारी अर्भक तेथून हलविणे दुष्कर ठरे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे अभय बंग व राणी बंग यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. राणी बंग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन गावांच्या पाहणीत ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र केवळ ८ टक्के होत्या.

पुढे १९९३–९८ या काळात ३९ गावांत नवजात अर्भकांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग झाला. तुलनेसाठी ४७ गावे होती. शाळेत थोडेसेच शिकलेल्या गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. अर्भकाचे वजन करणे, त्यास ऊबदार ठेवणे, ते दूध ओढेनासे होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे ही लक्षणे ओळखणे, असे हे काम होते. पालक रुग्णालयात नेण्यास असमर्थ असल्यास त्यांच्या संमतीने त्या घरीच जेंटामायसीनची अंतःक्षेपणे व तोंडाने प्रतिजैव औषध देत. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने अंतःक्षेपण द्यावे काय, हा वादाचा मुद्दा होता. परंतु तेथे पर्याय डॉक्टर हा नसून उपचाराचा अभाव हाच होता. जंतुदोष झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण १६·६ वरून २·८ टक्के झाले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युमान सु. ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

भारत सरकारने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत अशी घरभेटींची योजना देशभर स्वीकारली. त्यानुसार जन्मापासून ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी बाळंतिणीच्या घरी भेट दिली जाते. २००५ नंतर रुग्णालयातील प्रसूती पुष्कळ वाढल्या. परंतु प्रतिजैवांना दाद न देणारे जंतूही रुग्णालयांत वाढले. त्यामुळे हात धुण्याचा झेमेलव्हाइस यांचा नियम शहरातील अतिदक्षता कक्षास आणि पाड्यावरील झोपडीस आजही सारखाच लागू पडतो.