यकृताचा नकाशा

मराठींत 'काळीज' हा शब्द आपण हृदयाला लावतों. काळीज फाटतें, काळीज थरारतें, एखाद्याचें काळीज दगडाचें असतें. ह्या सर्व ठिकाणीं आपल्या मनांत छातींत धडधडणारें इंद्रिय असतें. परंतु शब्दाचा मूळ हक्कदार तें नव्हे. संस्कृतांत 'कालेय' व 'कालखंड' हीं यकृताचीं नांवें आहेत, आणि खाटकाच्या दुकानीं 'कलेजी' मागितली असतां तो हृदय देत नाहीं, यकृतच देतो. उजव्या फासळ्यांखालीं दडलेला हा सुमारें दीड किलोग्रॅम वजनाचा काळसर तांबडा गोळा बाहेरून पाहिला तर अगदीं एकजिनसी भासतो. हा भास मोडून आंतील खरी रचना ओळखण्यास मनुष्याला किती काळ लागला, आणि अखेर संगणकाचें साह्य कसें घ्यावें लागलें, ती हकीकत मनोरंजक तर आहेच. पण आज कित्येक कुटुंबांच्या जिवाशीं तिचा संबंध येतो.

सुश्रुतानें प्रेताच्या परीक्षेची सांगितलेली रीत प्रसिद्ध आहे. प्रेत गवतानें वेढून पिंजऱ्यांत घालावें, वाहत्या पाण्यांत आडजागीं ठेवावें, आणि सात रात्रींनंतर वाळा, केंस, बांबू इत्यादींच्या कुंच्यानें हळूहळू घासून एकेक थर पाहावा. शस्त्र न लावतां शरीर उलगडण्याची ही युक्ति त्वचा, स्नायु, अस्थि ह्यांच्यापुरती उत्तम. परंतु सात दिवस पाण्यांत कुजलेल्या यकृतांतील सूक्ष्म वाहिन्यांचा मार्ग तिनें सांपडणें शक्य नव्हतें. पुढें तर शवाचा स्पर्शच निषिद्ध मानला गेला आणि ती रीतहि ग्रंथांतच राहिली.

मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें व १८५१ सालीं भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग इत्यादि तरुण तेथून पदवी घेऊन बाहेर पडले. ज्या समाजांत प्रेतास शिवल्यावर स्नान लागे, त्या समाजांतील मुलांनीं शवविच्छेदनाच्या मेजापाशीं उभें राहावें, ह्या गोष्टीस आपल्या सामाजिक इतिहासांत मिळाली आहे त्याहून पुष्कळ अधिक जागा मिळावयास हवी होती. त्यांचे प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड ह्यांनीं १८५६ सालीं हिंदुस्थानांतील रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत यकृताचा दाह व त्यांत होणारें गळूं ह्यांचा मोठा विचार आहे. तो असणें साहजिकच होतें. ह्या देशांत गोऱ्या शिपायांस व अंमलदारांस त्या गळवाची मोठी धास्ती असे. पण पू नेमका कोठें सांचला आहे हें कळण्यास बोटांचा स्पर्श आणि अनुभवाचा अंदाज ह्यांपलीकडे साधन नव्हतें.

लंडनच्या ग्लिसननें १६५४ सालींच यकृतावर स्वतंत्र ग्रंथ लिहून आंतील वाहिन्यांवरील वेष्टनाचें वर्णन केलें होतें. तरी यकृताचे दोन भाग कोठें पडतात ह्याविषयीं सगळे डोळ्यांवरच विसंबून राहिले. वरून एक पडदा दिसतो, तीच सीमा असें मानलें जाई. ही समजूत जेम्स कँटली ह्या डॉक्टरनें खोटी ठरविली. हा गृहस्थ हाँगकाँगला होता; चीनचा पुढारी सुन् यत्-सेन हा त्याचा विद्यार्थी, आणि १८९६ सालीं लंडनच्या चिनी वकिलातींत सुन् अडकला असतां त्याला सोडविण्याची खटपट ह्याच कँटलीनें केली. एका प्रेतांत यकृताची उजवी बाजू सुकलेली व डावी वाढलेली त्याला आढळली, आणि दोहोंमधली सीमा पडद्यापाशीं नसून पित्ताशयापासून मागील महाशिरेकडे जाणाऱ्या रेषेवर होती. १८९७ च्या सुमारास त्यानें हें विद्वानांपुढें मांडलें. ती रेषा बाहेरून दिसत नाहीं. आंतील रक्तवाहिन्यांच्या वांटणीवरून ती ओळखावी लागते.

पुढें हॅनॉयच्या तोन थाट तुंग ह्यानें १९३९ पर्यंत दोनशेंहून अधिक यकृतें हातानें उकलून वाहिन्यांचे मार्ग शोधले. पॅरिसच्या क्वीनो ह्यानें वाहिन्यांत द्रवरूप प्लॅस्टिक भरलें, तें घट्ट झाल्यावर मांस आम्लांत विरघळवून टाकलें, आणि हातीं उरलेल्या फांद्यांच्या झाडावरून १९५७ च्या आपल्या ग्रंथांत यकृताचे आठ खंड निश्चित केले.

हे खंड म्हणजे काय, हें समजण्यास पालघरजवळच्या माहीम-केळव्याच्या वाड्या पाहाव्या. ठाणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत हा सारा तालुकाच माहीमच्या नांवानें ओळखला जाई. (मुंबईच्या माहीमशीं ह्याची गल्लत करूं नये, ती नेहमींच होते.) पानवेलीची किंवा केळीची वाडी दुरून एकच हिरवी रास दिसते. आंत शिरलें म्हणजे कळतें कीं मुख्य पाटाचे फांटे फुटून प्रत्येक वाफ्याला स्वतःचा पाट मिळाला आहे. आतां अशी कल्पना करावी कीं जास्त झालेलें पाणी वाहून नेणारे चर वाफ्यांच्या मधून नव्हे, तर दोन वाफ्यांमधल्या बांधांवरून जातात, आणि एकेका चरांत दोन्हीकडचें पाणी उतरतें. यकृताची घडण नेमकी अशी आहे. येणाऱ्या वाहिन्या खंडाच्या मध्यांत शिरतात. रक्त परत नेणाऱ्या शिरा दोन खंडांच्या सीमेवरून वाहतात. म्हणून एखादा वाफा काढून टाकणाऱ्यानें शेजाऱ्याचा चर तोडला, तर राहिलेल्या वाफ्यांत पाणी तुंबतें. पाट तोडला तर तो वाळतो. आणि खरी अडचण अशी कीं ही वांटणी प्रत्येक मनुष्यांत थोडी निराळी असते. क्वीनोचें झाड मेलेल्या मनुष्याचें. सर्जनला पाहिजे समोरच्या जिवंत रोग्याचें.

राँटगेननें १८९५ सालीं शोधलेल्या किरणांत यकृत म्हणजे एक अंधूक छाया. पुढें किरणोत्सर्गी सोन्याचे सूक्ष्म कण रक्तांत सोडून त्यांवरून यकृताची आकृति काढूं लागले. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या अशा वैद्यकी उपयोगासाठीं आपल्याकडे १९६३ सालीं परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें. अणूचें नांव काढलें कीं आमच्या भागांतील लोकांस १९६९ सालीं सुरू झालेलें तारापूरचें वीजकेंद्रच तेवढें आठवतें. अणुशक्तीच्या त्याच खात्याची ही दुसरी बाजू.

परंतु सोन्याच्या चित्रांत वाहिन्या दिसत नव्हत्या. अनेक दिशांनीं घेतलेल्या छायांवरून मूळ वस्तु पुनः उभी करतां येते, हें रॅडन ह्या गणितज्ञानें १९१७ सालींच सिद्ध केलें होतें. इंग्लंडांत हौन्सफील्डनें तें यंत्रांत उतरविलें व १९७१ सालीं पहिल्या रोग्याची तपासणी झाली. त्याच वर्षीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूटमधील गो. ना. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् ह्यांनीं छायांवरून आकृति बांधण्याची आकडेमोडीची एक सोपी व जलद रीत प्रसिद्ध केली. त्या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती 'राम-लक' ह्या नांवानें आजहि शिकवितात. १९७९ चें नोबेल पारितोषिक हौन्सफील्ड व कॉरमॅक ह्यांस मिळालें, तें योग्यच होतें. पण आपल्या शाळांतील मुलांना हीं दोन नांवें ठाऊक असूं नयेत, हें मात्र योग्य म्हणतां येत नाहीं.

आतांची पद्धत अशी. हाताच्या शिरेंतून औषध सोडतात. तें प्रथम रोहिणींत, मग आंतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेंत, मग परत जाणाऱ्या शिरांत पोंचतें; त्या त्या क्षणीं एकेक मिलिमीटरच्या सुमाराचे पातळ छेद टिपतात. संगणक हे शेंकडों छेद एकावर एक रचून प्रत्येक वाहिनी निराळ्या रंगानें उभी करतो, खंड वेगळे करतो आणि प्रत्येकाचें आकारमान मोजतो.

हें मोजमाप म्हणजे हौस नव्हे. अवयवदानाचा कायदा १९९४ सालीं झाला व आरंभींच ज्या थोड्या राज्यांत तो लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. तरी आपल्या देशांत यकृताचें रोपण बहुतेक वेळां जिवंत नातलगाच्या दानावरच चालतें. मुलगा बापाला, बायको नवऱ्याला आपल्या यकृताचा भाग देते. साठ किलोच्या रोग्यास साधारणपणें पांचशें ग्रॅमच्या आसपास भाग लागतो, आणि देणाऱ्याजवळ निदान तिसरा हिस्सा तरी उरावा लागतो. यकृत पुनः वाढतें, हें खरें; पण वाढेपर्यंत उरलेल्यावरच जगावयाचें असतें. निरोगी मनुष्याच्या पोटाला शस्त्र लावण्यापूर्वीं पडद्यावरील आकडा पाहून कित्येक दात्यांना परत पाठवितात. घरच्यांना तो नकार कठोर वाटतो. पण एका घरांत दोन रोगी होण्यापेक्षां तो बरा.

एवढें करूनहि चित्र आणि प्रत्यक्ष ह्यांत अंतर राहतेंच. चित्र रोग्यानें श्वास रोखून धरला असतांना घेतलेलें असतें. पोट उघडून यकृत बंधनांतून मोकळें केलें म्हणजे तें कलतें, पसरतें, आणि खुणा सरकतात. म्हणून जपानच्या माकूची ह्यांनीं रूढ केल्याप्रमाणें सर्जन ध्वनिलहरींचें छोटें यंत्र थेट यकृतावर फिरवून शिरा पुनः शोधतो. मग तो एका बाजूच्या येणाऱ्या वाहिन्या चिमट्यानें क्षणभर दाबून धरतो. थोड्याच वेळांत तेवढी बाजू काळवंडते, आणि पित्ताशयापासून मागें जाणारी कँटलीची रेषा उघड्या डोळ्यांना दिसूं लागते. तिच्यावर खूण करून मगच शस्त्र चालतें.