समान कशाशी? आवाजाच्या पट्ट्यांचा लहानसा इतिहास

‘इक्वलायझर’ या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘समकारी’ म्हणावे तर तो पाठ्यपुस्तकातच राहतो; दुकानात, मोटारीत, घरात सगळे इक्वलायझरच म्हणतात. अनुवाद करायला बसले की अडायला होते ते एका साध्या प्रश्नापाशी: समान करायचे, पण कशाशी? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. खिशात मावणाऱ्या डिजिटल प्लेअरने शेवटी ते ऐकणाऱ्याच्याच अंगठ्यावर सोपवले.

पहिले उत्तर टेलिफोनच्या अभियंत्यांचे. लांबच्या तारेतून जाताना आवाजातली उंच कंपने खालच्या कंपनांपेक्षा जास्त क्षीण होत. ती तूट भरून काढणारे मंडल जोडले की ऐकू येणारा आवाज बोललेल्या आवाजाच्या जवळ येई. म्हणजे समानता मुळाशी होती. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी कानाची बाजू मांडली: आवाज लहान ठेवला की माणसाला खर्ज मधल्या स्वरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतो. प्लेअरच्या यादीतले ‘लाउडनेस’ हे नाव त्याच निरीक्षणाचे वारस. १९५२ मध्ये पीटर बॅक्झंडॉल यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात बास आणि ट्रेबल वेगवेगळे कमीजास्त करणारा आराखडा छापला, आणि तो जगभरच्या अॅम्प्लिफायरांत शिरला. इथून पुढे प्रश्न मुळाचा उरला नाही, आवडीचा झाला.

आवड मात्र कुठून येते? भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या आमच्या घरापुरते उत्तर देता येते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी इथल्या पोलाद कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले. रेल्वेचे रूळ तेच राहिले आणि विदर्भातली माणसे नोकरीसाठी येत राहिली. योगायोग असा, की त्याच १९५५ च्या १ एप्रिलला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभरात त्याची ५६ गीते झाली. घरापासून दूर आलेल्या या माणसांचे मराठी गाणे बरेचसे रेडिओचेच होते. मीडियम वेव्हवर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही येत नाही. लाकडी पेटीचा व्हॉल्व्ह रेडिओ त्यावर आपला ऊबदार खर्ज चढवी. त्या पिढीला जो आवाज ‘गोड’ वाटतो, त्यातला निम्मा गोडवा गायकाचा आणि निम्मा या कमतरतेचा.

१९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आला. त्याची स्मृती ३२ मेगाबाइट, म्हणजे नेहमीच्या दर्जाची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. छत्तीसगड राज्य २००० साली झाले, आयपॉड २००१ साली आला. पुढे आयपॉडच्या इक्वलायझरमध्ये वीसहून अधिक तयार जुळण्या होत्या: रॉक, जॅझ, हिप हॉप, लॅटिन, पियानो, क्लासिकल. हा ‘क्लासिकल’ युरोपचा. ख्याल, लावणी, नाट्यपद, भजन, पंडवानी यांना तिथे जागा नव्हती. तक्रार म्हणून हे सांगत नाही. प्रत्येक यादी कुणाच्या तरी कपाटातल्या तबकड्या पाहून बनते. पण त्यामुळे मराठी ऐकणाऱ्याला परक्या नावांमधून आपले काम साधणारे नाव शोधावे लागले, आणि हे काम अनुवादाच्या फार जवळचे आहे.

बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका घ्या. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायक भोंग्यासमोर गात आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ कोरी. त्या पद्धतीत सुमारे अडीच-तीन हजार हर्ट्झच्या पलीकडचे फारसे नोंदले जात नसे. डग्ग्याचा घुमारही बहुतेक बाहेरच राही. अशा पदाला ‘बास बूस्टर’ लावला तर डग्गा येत नाही, तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर येते. ट्रेबल वाढवले तर ‘स’ स्पष्ट होत नाही, खरखर वाढते. कारण ‘स’चा घर्षणध्वनी मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असतो आणि तो तिथे कोरलाच गेलेला नाही. शिवाय डिजिटल आवाजाला छत असते. आधीच भरून वाहणाऱ्या फाइलवर पट्टी वर ढकलली तर लाटेची टोके छाटली जातात आणि आवाज फाटतो. म्हणून हवी ती पट्टी वर नेण्यापेक्षा नको त्या पट्ट्या खाली आणणे नेहमी शहाणपणाचे.

हे सगळे आईला कुणी सांगितले नव्हते. वयाबरोबर कानातून उंच कंपने आधी जातात, तशी तिचीही गेली. तिने हातातल्या लहानशा प्लेअरवर सगळी नावे एकेक करून लावून पाहिली आणि नाट्यपदांसाठी ‘स्पोकन वर्ड’ निवडले. भाषणांसाठी केलेली ती जुळणी खर्ज उतरवते आणि माणसाच्या गळ्याचा मधला पट्टा पुढे आणते. मी म्हटले, “अगं, हे गाण्यासाठी नाही.” ती म्हणाली, “पदात शब्दच ऐकायचे असतात.” नाट्यसंगीताबद्दल मी वाचलेल्या बऱ्याच लेखांपेक्षा हे वाक्य नेमके होते. ध्वनिमुद्रिकेत नसलेला ‘स’ ती आठवणीतून भरत होती. पदे तिला पाठ आहेत. तिच्या लेखी समानता मूळ गायनाशीही नव्हती आणि तबकडीशीही नव्हती. लहानपणी रेडिओशेजारी बसून ऐकलेल्या आवाजाशी ती ताडून पाहत होती.

ध्वनिमुद्रिकांचे संग्रह होतात, त्यांच्या तारखा आणि क्रमांक जपले जातात. त्या कुणी कशा ऐकल्या, कोणती पट्टी किती खाली ओढली, याची नोंद राहत नाही. प्लेअर बिघडला की जुळणीही जाते. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले. मराठी गाणे परक्या यंत्रांवर कसे जगले हे पुढे कुणाला लिहायचे असेल, तर त्याला अशा घरगुती निवडी हुडकाव्या लागतील. आमच्या घरी त्यातली थोडी सामग्री आहे. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर आईने लिहिले आहे: पदे – स्पोकन वर्ड. गीतरामायण – फ्लॅट. भजन – रात्री लाउडनेस, सकाळी नको.