नळदुर्ग: जिल्हा हलला, किल्ला राहिला

धाराशिव की उस्मानाबाद, या वादात 2023 साली नाव बदललं आणि विषय संपला असं आपण समजतो. पण या जिल्ह्याला आणखी एक जुनं नाव होतं. निजामाच्या कागदोपत्री हा एकेकाळी ‘नळदुर्ग जिल्हा’ होता. आज तुळजापूर तालुक्यातलं गाव असलेलं नळदुर्ग तेव्हा जिल्ह्याचं ठाणं होतं. 1904 साली मुख्यालय धाराशिवला हललं. पुढे शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं, आणि नळदुर्गचं नाव जिल्ह्यावरून कायमचं गेलं.

मला या गोष्टीत नावापेक्षा जागेचं कुतूहल जास्त आहे. सरकार उठून दुसरीकडे गेलं की मागे राहिलेल्या आवाराचं काय होतं?

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. सोलापूरहून हैदराबाद हायवेने निघालात की साधारण तासाभरात बोरी नदी लागते. नदीच्या वळणावर बेसॉल्टच्या पठारावर किल्ला आहे आणि पलीकडच्या टेकडीवर त्याचाच जोडकिल्ला, रणमंडळ. दोन्हींना जोडणारं धरण 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलं गेलं. या धरणाच्या पोटात खोल्या आहेत, तोच पाणी महाल. पावसाळ्यात नदी भरली की धरणावरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो! रील तुम्ही नक्की पाहिलं असेल.

रीलमध्ये न दिसणारा भाग आता सांगतो. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज इंग्रजांच्या हुकमतीखाली होती, पण तिचा खर्च निजामाच्या माथी होता. थकबाकी वाढत गेली. शेवटी 1853 च्या तहात निजामाला वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला हा जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. सरळ भाषेत सांगायचं तर अख्खा जिल्हा हप्त्यापोटी ओढून नेला. नळदुर्गचा कारभार आला फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे. ठगांवरची गाजलेली इंग्रजी कादंबरी लिहिणारे टेलर ते हेच. 1857 पर्यंत ते इथे होते. इथला मुलूख त्यांच्या डोक्यात इतका बसला की 1863 साली आलेल्या ‘तारा’ या त्यांच्या कादंबरीत तुळजापूर आहे. 1860 साली इंग्रजांनी हा जिल्हा निजामाला परत दिला. फौजेसाठी बांधलेला किल्ला असा हळूहळू सरकारी ऑफिस होत गेला. आतल्या एका पडक्या वास्तूला आजही ‘मुन्सिफ कोर्ट’ म्हणतात. आदिलशहाच्या काळात हा शब्द इथे कशाला असेल? तो कचेरीच्या काळातला आहे.

आणि मग 1904. जिल्ह्याचं मुख्यालय गेलं की पाठोपाठ काय काय जातं, ते जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. अर्ज लिहून देणारे, वकील, त्यांचे पक्षकार, खानावळीवाले, सगळे जातात. इथे मला नेहमी खंडोबा आठवतो. अणदूर आणि नळदुर्ग या शेजारच्या गावांत खंडोबाची देवळं दोन, पण मूर्ती एकच. ती वर्षातला बराच काळ अणदूरला असते आणि उरलेले दिवस नळदुर्गला येते. देव दर वर्षी परत येतो. कलेक्टर काही परत आला नाही.

आता एक साधा प्रश्न. रिकामा झालेला किल्ला पाडला का नाही?

मुंबईत नेमकं उलट झालं होतं. तिथल्या कोटाचा लष्कराला उपयोग उरला नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला, शहरात पैसा आला, जागेला सोन्याची किंमत आली. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तट पाडून टाकला. मोकळ्या झालेल्या जागेने आणि मैदानाच्या कडेने हायकोर्ट, विद्यापीठ अशा इमारती उभ्या राहिल्या. 2018 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. किल्ल्याची ‘फोर्ट’ आणि ‘चर्चगेट’ एवढी नावं लोकलच्या गर्दीत उरली.

नळदुर्गात जमिनीसाठी अशी झुंबड नव्हती. माझं मत विचाराल तर हा किल्ला कुणाच्या वारसाप्रेमाने वाचलेला नाही. त्याची जागा कुणाला नको होती, म्हणून तो वाचला. ऐकायला बरं वाटत नाही, पण मराठवाड्यातल्या बऱ्याच जुन्या वास्तूंना हे लागू पडेल.

सरकारला या जागेची पुन्हा एकदा आठवण झाली ती 13 सप्टेंबर 1948 रोजी. ऑपरेशन पोलोतली पहिली लढाई नळदुर्गला झाली. समोर निजामाची पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. आपल्या सातव्या ब्रिगेडने अचानक मुसंडी मारून बोरीवरचा पूल शाबूत हस्तगत केला. मग रणगाडे जळकोटवरून पुढे गेले आणि फौज त्याच दुपारी उमरग्याला पोचली. गंमत बघा, एवढे बुरूज, एवढ्या तोफा, आणि दिवसाचा निकाल लागला एका पुलावर. चार दिवसांनी, 17 सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान शरण आलं. शाळेत आपण ज्या दिवशी झेंडा फडकवतो, तो हाच दिवस.

त्यानंतर मात्र झुडपं, वटवाघळं आणि गुरं. राज्य संरक्षित स्मारक असूनही अवस्था तीच. 2014 साली राज्याच्या स्मारक संगोपन योजनेत हा किल्ला सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स कंपनीला दहा वर्षांसाठी सांभाळायला दिला गेला. रान काढलं गेलं, बागा आल्या, बोटी आल्या, तिकीट आलं. ‘खासगी कंपनीला किल्ला दिलाच कसा?’ असं रागाने विचारणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. झुडपाचं मूळ दगडात शिरलं की भिंत फुटते, ते काढायला माणसं आणि पैसा लागतो, आणि ‘आपला किल्ला’ म्हणणारे आपण तो देत नव्हतो.

माझी भीती वेगळी आहे. पर्यटनासाठी जागा साफ करताना जे देखणं आहे ते टिकतं. पाणी महालाची चिंता नको, तो स्वतःची काळजी घेईल इतका सुंदर आहे. पण कोर्टाची पडकी खोली सुंदर नाही. तिच्यासमोर कोणी सेल्फी काढत नाही. उद्या पार्किंगला किंवा स्टॉलला जागा हवी झाली तर पहिला हातोडा अशाच भिंतीवर पडेल, आणि ‘पडकंच होतं की’ म्हणून कोणी तक्रारही करणार नाही. 1853 ते 1904 चा नळदुर्ग जिल्हा दाखवणाऱ्या खुणा आहेत त्या अशा कुरूप भिंतींमध्येच. मुन्सिफ कोर्टाच्या बाहेर मराठीत चार ओळींचा फलक लावायला किती खर्च येतो?

नळदुर्ग, अणदूर, जळकोट भागातल्या श्रोत्यांना एक काम. घरात नव्वदीच्या आसपासचं कोणी असेल तर त्यांना 48 सालचा तो सोमवार विचारा, पुलाकडून काय ऐकू आलं ते. फोनवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. पुढच्या भागात आपण परांड्याला जाऊ.