गाळाचे वजन
१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या दालनांत शिरली, तेव्हा कोठे लंडनची गटारे बांधण्याचा कायदा झाला. परंतु दुर्गंधी कितीही खरी असली तरी तराजूत घालता येत नाही. १८९८ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९१२ च्या आठव्या अहवालात आकडा दिला : नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात न विरघळलेला गाळ लाख भागांत ३ भाग, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम, याहून अधिक नसावा, तेही नदीचे निदान आठपट पाणी त्यात मिसळणार असेल तर. माप साधे आहे. ठराविक पाणी गाळावे, गाळणकागद वाळवून तोलावा, कोऱ्या कागदाचे वजन वजा करावे. कामगारांच्या चळवळीत मीही हेच शिकलो : तोलून मांडलेली तक्रार नाकारणे मालकाला जड जाते.