मस्टँगचे पाय, एफ-१०० चे धड : जुन्या पिकअपच्या सस्पेन्शनबदलाचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

अमेरिकी मोटारींच्या इतिहासात ज्या गाड्यांची मनसोक्त टिंगल झाली, त्यांत १९७४ ते १९७८ या काळातील फोर्ड मस्टँग टू हिचा क्रमांक बराच वरचा आहे. स्वस्त पिंटो कारच्या सांगाड्यावर बेतलेली, आकाराने लहान आणि मूळ मस्टँगचा रुबाब हरवलेली अशी ती गाडी. तरीही तिचा एक अवयव अमर ठरला. तिच्या पुढच्या सस्पेन्शनच्या रचनेवरून घडवलेले सांगाडे आजही नव्याने तयार होतात आणि तिच्याहून वीस वर्षे जुन्या पिकअप ट्रकांखाली जोडले जातात. हे कसे घडले, हा या थ्रेडचा विषय.

प्रथम मूळ रचना पाहू. १९२५ साली फोर्डने मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढले. कंपनीने स्वतः घडवलेला तो पहिला पिकअप. त्याची दोन्ही पुढची चाके एका अखंड आडव्या आसाच्या टोकांना होती आणि आस व चासी यांच्यामध्ये पोलादी पट्ट्यांची चवड होती. आपल्याकडे गॅरेजात तिला ‘पाटे’ म्हणतात. ज्यांनी जुन्या महिंद्रा जीपमध्ये मागच्या बाकावर बसून घाट ओलांडला आहे, त्यांना अखंड आस आणि पाटे म्हणजे काय हे शब्दांत सांगण्याची गरज नाही. पाठीचा कणाच ते सांगतो.

या रचनेचे गुण खरे होते, हे आधी मान्य करावे. सुटे भाग कमी, खर्च कमी, खेड्यातल्या लोहारालाही दुरुस्ती जमावी इतकी साधी बांधणी. पाटे दुहेरी काम करतात : ते भारही पेलतात आणि आसाला जागेवर धरूनही ठेवतात. शेतकऱ्याच्या अवजाराला आणखी काय हवे?

दोष निराळ्या ठिकाणी होता. एक चाक दगडावर चढले की संपूर्ण आस कलतो आणि त्याबरोबर दुसरे चाकही कलते. आता भोवरा आठवा. फिरत्या भोवऱ्याला एका दिशेने कलवले, तर तो भलत्याच दिशेने वळू पाहतो. वेगाने फिरणारे चाक हा एक मोठा भोवराच होय. ते कलले की स्टिअरिंगच्या खुंट्याभोवती आपोआप वळू लागते, त्याने पुन्हा आस हलतो आणि पाहता पाहता गाडीचे तोंड थरथरू लागते. इंग्रजीतील ‘शिमी’ हा शब्द याच थरथरीसाठी रूढ झाला. ती आटोक्यात ठेवायची तर पुढचे पाटे कडक ठेवावे लागत, आणि पाटे कडक म्हणजे प्रवाशांचे हाल.

हा पेच सोडवण्याचे बरेचसे श्रेय मॉरिस ऑली यांना द्यावे लागेल. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आलेल्या या अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या आरंभी एक मोठी लिमोझिन घेऊन तिच्या दोन्ही टोकांना सरकवता येणारी वजने बसवली. वजने आणि स्प्रिंगा बदलत राहायचे, गाडीत बसून फिरायचे आणि शरीराला काय जाणवले ते टिपायचे, अशी ती पद्धत होती. निष्कर्ष त्या काळाच्या समजुतीला उलटा निघाला : पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ असतील, तरच प्रवास सुखाचा होतो. परंतु अखंड आसावर मऊ स्प्रिंगा म्हणजे थरथरीला आमंत्रण. तेव्हा आसच नको, हे ओघानेच आले.

त्यातून १९३४ च्या कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांत वर एक आखूड व खाली एक लांब अशा दोन बाहूंवर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे तोलले गेले. जाहिरातीत त्याला ‘नी-ॲक्शन’, म्हणजे गुडघ्याची चाल, असे नाव मिळाले. नाव समर्पक होते. बाहूंच्या लांबीतील फरक हा यातला खरा बारकावा. चाक वर-खाली होताना त्याचे डोके किंचित आत ओढले जाते. त्यामुळे वळणावर गाडी झुकली तरी बाहेरचे चाक बऱ्यापैकी उभे राहते आणि टायर रस्ता सोडत नाही. (स्वतंत्र चाके ही ऑली यांची मूळ कल्पना नव्हे. फ्रान्समध्ये आमेदे बोले यांच्या १८७० च्या दशकातील वाफेच्या गाड्यांत आणि इटलीत १९२२ च्या लान्चिया लाम्ब्डात ती होतीच. मर्सिडीझनेही १९३३ मध्ये बाहू आणि गुंडाळी स्प्रिंगांची जोडणी बाजारात आणली होती.)

हेन्री फोर्ड यांना मात्र हे पटले नाही. त्यांच्या गाड्या आडव्या पाट्यांवर आणि अखंड आसावरच धावत राहिल्या. एप्रिल १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जून १९४८ मध्ये सादर झालेल्या १९४९ च्या फोर्ड कारला स्वतंत्र पुढची चाके मिळाली. येथे एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच कंपनीने त्याच वर्षी, जानेवारी १९४८ मध्ये, एफ-१ हा नवा पिकअप आणला होता. त्याच्या पुढे अखंड आसच होता. कुटुंबाला सुख, शेतमालाला पाटे, अशी ती वाटणी होती. पुढे १९५३ ला एफ-१ चा एफ-१०० झाला, सुबक झाला, केबिन ऐसपैस झाली; आस तोच राहिला.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही वाटणी तितकीशी तर्कशुद्ध नव्हती, असे मला वाटते. पिकअपमध्ये माल बहुतांशी मागच्या चाकांवर पडतो. हौदा रिकामा असो वा भरलेला, पुढच्या चाकांवरचा भार फारसा बदलत नाही. म्हणजे कडक पाट्यांची गरज मागे होती. पुढे त्यांचे कारण स्वस्ताई आणि सवय एवढेच उरते.

सवय मोडायला १९६० उजाडले. शेव्हरोलेने त्या वर्षीच्या पिकअपला पिळल्या जाणाऱ्या पोलादी कांबींवर, म्हणजे टॉर्शन बारवर तोललेली स्वतंत्र पुढची चाके दिली आणि १९६३ मध्ये त्या कांबी काढून साध्या गुंडाळी स्प्रिंगा घातल्या. फोर्डने १९६५ मध्ये ‘ट्विन आय-बीम’ ही मधली वाट काढली : आस एकच न ठेवता दोन लांब तुळया एकमेकींना ओलांडून बसवायच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक चाक. मजबुतीला तोड नव्हती, पण चाक वर-खाली होताना त्याचा कल बदलत असे आणि टायर एका कडेने झिजत. डॉजने १९७२ पर्यंत वाट पाहिली. फोर्डच्या एफ-१५० ला खरे दुहेरी बाहू मिळायला तर १९९७ चे मॉडेल यावे लागले. या बाबतीत फोक्सवॅगन सर्वांच्या पुढे होती. तिच्या १९५२ च्या चिमुकल्या पिकअपची चारही चाके स्वतंत्र होती.

दरम्यान जुन्या ट्रकांचे काय झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांना दणकट इंजिने बसवणाऱ्या तरुणांची ‘हॉट रॉड’ संस्कृती फोफावली. जानेवारी १९४८ मध्ये तिचे ‘हॉट रॉड’ हे मासिकही निघाले. शेतावरून निवृत्त झालेले पिकअप पुढे याच मंडळींच्या हाती पडले. स्वस्त होते, देखणे होते, आणि त्यांच्या नाकाखाली मोठे व्ही-८ इंजिन आरामात मावत असे. शेताच्या बांधावर ताशी ५० किलोमीटरने चालण्यासाठी घडवलेला आस आता महामार्गावर दुप्पट वेगाने धावू लागला. ब्रेक ड्रमचे, तेही एकाच नळीमंडलावर चालणारे. नळी एका ठिकाणी फुटली की चारही चाके मोकळी. तेव्हा सस्पेन्शन बदलण्यामागे केवळ हौस नव्हती, जीव वाचवण्याचाही प्रश्न होता.

उत्तर भंगारात सापडले. काहींनी शेव्हरोले कमारोच्या चासीचा पुढचा भाग अख्खा कापून ट्रकच्या चासीला वेल्डिंगने जोडला; याला ‘क्लिप’ म्हणत. काहींनी १९७६ नंतरच्या प्लिमथ व्होलारेचा आडव्या टॉर्शन बारचा संच उचलला. त्याचा बोल्ट फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येई, म्हणून एफ-१०० च्या मालकांत तो विशेष लोकप्रिय झाला. मागच्या बाजूला ज्यांना मिरवायचे होते त्यांनी जॅग्वारचा १९६१ पासूनचा स्वतंत्र मागचा संच बसवला.

आणि मग मस्टँग टू. ती ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटाच्या अगदी तोंडावर बाजारात आली आणि पहिल्याच वर्षी सुमारे ३.८६ लाख विकली गेली. टिंगल नंतरची, आधी भंगारबाजार तिने भरून टाकले. तिचा पुढचा संच अरुंद होता, आटोपशीर होता, आणि मुख्य म्हणजे त्यात रॅक-आणि-पिनियन स्टिअरिंग होते. जुन्या ट्रकच्या दांड्यांच्या जंजाळाऐवजी एक सरळ दंड. त्यामुळे इंजिनाला जागा मोकळी मिळाली. खऱ्या गाड्यांचे सुटे भाग दुर्मीळ होऊ लागले तेव्हा छोट्या कारखान्यांनी तीच भूमिती कायम ठेवून नवे सांगाडे घडवायला घेतले. मूळ गाडीत खालचा बाहू एकेरी होता आणि त्याला तिरप्या दांड्याचा आधार लागे. नव्या संचांनी दोन पायांचा रुंद बाहू देऊन तो दांडा काढून टाकला. आज ज्याला ‘मस्टँग टू सस्पेन्शन’ म्हणतात, त्यात मस्टँग टूचा एकही खिळा नसतो.

प्रत्यक्ष काम दिसते तितके सोपे नाही. पहिला कट घेण्याआधी चासी समपातळीत उभी करून चाकांचा मध्य कुठे येतो याची खूण करावी लागते. ती खूण चुकली की चाक मडगार्डच्या कमानीत एका बाजूला सरकलेले दिसते आणि ते कायमचे. जुन्या ट्रकची चासी इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची, म्हणजे एका बाजूने उघडी, मुद्दाम थोडी पिळली जाणारी. स्वतंत्र बाहूंना असा पिळ चालत नाही, म्हणून उघडी बाजू पत्र्याने बंद करून तिची पेटी करावी लागते. मग आडवी तुळई वेल्ड करायची. पिकअप रुंद म्हणून कोणी बाहू लांबवले, पण स्टिअरिंगचा दंड त्या प्रमाणात बदलला नाही, तर खड्ड्यावर चाके आपोआप वळतात. थरथर घालवायला निघालेला माणूस असा दुसरी व्याधी घेऊन परततो.

अलीकडे या कामासाठी एक नवा दाता पुढे आला आहे : फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, अमेरिकी पोलिसांची ओळखीची गाडी. २००३ च्या मॉडेलपासून तिच्या पुढच्या भागाला ॲल्युमिनियमचा स्वतंत्र पाळणा मिळाला. सस्पेन्शन, स्टिअरिंग, डिस्क ब्रेक असे सारे त्यावरच, आणि पाळणा चासीला बोल्टने जोडलेला. २०११ मध्ये उत्पादन थांबले, पोलीस खात्यांनी गाड्या काढून टाकल्या, आणि १९६० व १९७० च्या दशकांतील रुंद एफ-१०० ना हे पाय लागू लागले. जड गाडीसाठी घडवलेला हा संच ट्रकला मस्टँग टूपेक्षा अधिक शोभतो, असे माझे मत आहे.

मागच्या टोकाची कथा थोडक्यात संपते. भार वाहायचा असेल, तर अखंड आस आणि पाटे यांची गरज तेथे खरीच होती. फोर्डच्या एफ मालिकेतील पहिले स्वतंत्र मागचे सस्पेन्शन २०२२ च्या विद्युत एफ-१५० लायटनिंगला मिळाले.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला छळणारा प्रश्न. पाय बदललेला १९५५ चा एफ-१०० हा १९५५ चा पुरावा उरतो का? जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद १९६४ च्या व्हेनिस सनदेचा, म्हणजे वास्तुजतनाच्या तत्त्वांचा, धागा धरते. मूळ द्रव्य राखा, बदल केलाच तर तो ओळखू येईल आणि परत फिरवता येईल असा करा, ही तिची भूमिका. बोल्टचा पाळणा कदाचित परत फिरवता येईल. कापलेली चासी नाही.

भारतात याचे उत्तर कायद्यानेच बरेचसे दिले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाला छेद देणारे फेरफार अमान्य ठरवले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, महाराष्ट्रात ‘एमएच व्हीए’ अशी पाटी लागते; पण चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मस्टँगचे पाय लावलेल्या ट्रकला ती पाटी मिळणे कठीण.

माझा कल मधला आहे. गंजून आस निकामी झालेला, शेतात सडत पडलेला ट्रक कोणी नव्या पायांवर उभा केला तर मला आनंदच होतो; आणि १९७८ साली कोणी परसात केलेली व्होलारेची जोडणी हाही आता हॉट रॉड संस्कृतीचा दस्तऐवज झाला आहे. हरकत आहे ती मूळ रंग, मूळ आस आणि मूळ रिव्हेट शाबूत असलेल्या ट्रकवर कटर चालवण्याला. असे ट्रक फार उरलेले नाहीत. कापणे अटळच असेल, तर निघालेला आस पाटी लावून जपावा, आणि आधी चासीचा पुढचा भाग घासून पाहावा. अनेक जुन्या ट्रकांचा ओळख क्रमांक तेथेच ठोकलेला असतो आणि क्लिप करताना तोच तुकडा भंगारात जातो.