पडलेल्या शिपायाचे पदक

 आजचा रायगड जिल्हा 1944 साली कुलाबा जिल्हा होता. त्या वर्षी 10 जुलैला तिथल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा 22 वर्षांचा नाईक यशवंत घाडगे इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत तो एका तुकडीचा म्होरक्या होता. शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा केला आणि त्याच्याखेरीज तुकडीतला एकही जण धड उरला नाही. घाडगे थांबला नाही. तो एकटाच त्या ठाण्यावर धावून गेला. हातगोळ्याने त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, आणखी एकाला गोळी घातली. उरले दोघे. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्याने आपली बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना लोळवले. मग लपून बसलेल्या एका नेमबाजाची गोळी त्याला लागली.

नोव्हेंबरमध्ये, म्हणजे चार महिन्यांच्या आत, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. घाडगे चाळीस-पन्नास वर्षे आधी लढला असता, तर हे पदक त्याच्या वाट्याला आले नसते. एक तर तो हिंदी शिपाई होता आणि दुसरे म्हणजे तो मेला होता. या दोन्ही अडचणी दूर व्हायला अर्धे शतक लागले.

मेलेल्या वीराचा मान ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हती. कोकणात आणि देशावर देवळांच्या आवारात जे वीरगळ उभे दिसतात, ते मेलेल्यांसाठीच घडवलेले आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरला तर असे वीरगळ आहेत की त्यांवर वल्ही मारत चाललेल्या लढाऊ नौकांच्या रांगाच कोरल्या आहेत. तेराव्या शतकातल्या शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या सागरी युद्धाशी त्यांचा संबंध अभ्यासक जोडतात. दगड नावेतल्या माणसासाठीही उभा राहत होता, हे किनाऱ्यावरच्या लोकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

दगडाने मान राहतो, पण चूल पेटत नाही. त्याची सोय पुढे दिसते. अफजलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी काय केले, ते सभासदाच्या बखरीत आहे. ठार झालेल्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवायचे, मुलगा नसेल तर बायकोला निमे वेतन द्यायचे, आणि जखमींना जखम पाहून होन द्यायचे. मराठी दफ्तरांत अशा सोयीला ‘बालपरवेशी’ म्हणत. सन्मानाचा धनी रणात पडला, तरी सन्मान त्याच्या घरी पोचता केला जाई.

व्हिक्टोरिया क्रॉसची रीत उलटी होती. 29 जानेवारी 1856 रोजी ते सुरू झाले, ते जिवंत माणसाच्या छातीवर लावायचे पदक म्हणून. शौर्य गाजवताना कोणी मेला, तर तो जगला असता तर पदकासाठी त्याची शिफारस झाली असती, एवढीच नोंद लंडनच्या गॅझेटात छापली जाई. पदक नाहीच. ज्याने सगळे दिले त्याच्याच आड नियम यावा, हे आज वाचतानाही मनाला झोंबते. 1879 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या इसांडलवानाच्या लढाईत मेल्विल आणि कॉगहिल हे दोन अधिकारी पलटणीचे निशाण वाचवताना मेले. त्यांची पदके त्यांच्या घरच्यांना मिळाली 1907 साली. त्याआधी 1902 मध्ये, बोअर युद्धातल्या शौर्याबद्दल, सातव्या एडवर्डने पहिल्यांदा मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मंजूर केले होते. हिंदी शिपायांना हे पदक 1911 मध्ये खुले झाले. तोवर त्यांच्यासाठी 1837 पासूनचे ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ होते.

स्वतंत्र भारताला स्वतःचे पदक हवे होते. ते घडवण्याचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांनी सावित्रीबाई खानोलकरांना सांगितले. त्या जन्माने स्वित्झर्लंडच्या, लग्नाने मराठी. लष्करातल्या विक्रम खानोलकरांशी त्यांचे लग्न झाले होते, आणि मराठी-संस्कृतासह इथली पुराणे त्यांनी मनापासून अभ्यासली होती. परमवीर चक्राच्या काशाच्या चकतीवर, मधल्या राजमुद्रेभोवती, त्यांनी इंद्राची चार वज्रे बसवली. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे आणि दधीचींनी त्यासाठी देह ठेवलेला. म्हणजे या पदकाच्या नक्षीतच मरण गृहीत धरलेले आहे.

हे पदक 26 जानेवारी 1950 रोजी जाहीर झाले आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमाला लागू केले गेले. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा, तेही मरणोत्तर. 3 नोव्हेंबर 1947 रोजी बडगाममध्ये डावा हात प्लास्टरमध्ये असताना ते आपल्या जवानांना मॅगझिने भरून देत होते. सावित्रीबाईंच्या लेकीचे ते दीर. आजवरच्या 21 परमवीरांपैकी 14 जणांना हे चक्र मरणोत्तर मिळाले आहे.

शांतताकाळासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी वेगळी मालिका आहे, आणि ती गणवेशातल्या लष्करापुरती मर्यादित नाही. मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे यांना 2009 मध्ये अशोक चक्र मिळाले. हातात फक्त लाठी असताना त्यांनी गिरगाव चौपाटीवर मुंबईवरच्या हल्ल्यातला दहशतवादी कसाब याची बंदूक नळीला धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या.

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात शहीद झाले आणि पुढच्या प्रजासत्ताकदिनी त्यांना शौर्य चक्र जाहीर झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांना दोन लहान मुले होती आणि भरतीचे वय उलटून गेले होते. त्यांनी वयाची सवलत मिळवली, चेन्नईच्या लष्करी प्रबोधिनीत खडतर प्रशिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट होऊन त्या स्वतः लष्करात रुजू झाल्या.